आधी बातमी, मग कार्यक्रम

जगात सगळीकडे आधी काहीतरी घडतं आणि मग त्याची बातमी छापून येते. त्यात काय मोठंसं! ते कुणालाही जमतं. हातभार मंडळाचं मात्र सगळं उफराटं. त्यांच्या ‘हातभार वार्ता’ या मासिक पत्रकात बातमी आधी छापून येते आणि मग मंडळाचे सगळे सभासद मिळून, घाम गाळून, ती खरी करून दाखवतात.

हे असं कसं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात. मंडळाचं काम तसं साधं. लोकांच्या माळ्यावर, जिन्याखाली धूळ खात पडलेल्या चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर गोळा करायचे, दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या गॅरेजमध्ये ते ठाकठीक करायचे, आणि ज्याचा पाय मोडला, ज्याच्या आईची कंबर धरली, त्याला फुकट वापरायला द्यायचे. बरं वाटलं की वस्तू परत. महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम असतो, आणि पत्रक निघतं त्याच्या आधीच्या गुरुवारी. म्हणजे कार्यक्रमाची बातमी यायची ती थेट पुढच्या महिन्यात, शिळी होऊन. कोण वाचणार? लोक त्यात बूट गुंडाळायचे.

बूट! बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांचं टाळकंच सटकलं. बाई म्हणजे पत्रकाच्या संपादिका. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अर्ध्या गावाचे कान त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे त्या अजून सगळ्यांच्या बाईच. त्यांनी त्या गुरुवारी येत्या रविवारची बातमी झाल्यासारखीच लिहून टाकली. ‘कार्यक्रम थाटात पार पडला. स्वच्छ ऊन पडले होते.’ आणि रविवारी सकाळपासून आभाळ फाटलेलं! सभासद छत्र्या घेऊन मैदानाच्या कडेला उभे. घरी जायला कुणी तयार होईना, कारण छापून आलं होतं ना! संध्याकाळी जरासं ऊन आलं, तेवढ्यात धावतपळत सगळा कार्यक्रम उरकला. तेव्हापासून नियमच होऊन बसला. ‘वार्ते’त आलं म्हणजे आलं. ते खोटं पडू द्यायचं नाही.

मग काय, बाईंना चटकच लागली. ग्रंथपालांचं तोंड बारा महिने एरंडेल प्यायल्यासारखं. बाईंनी एकदा छापलं, ‘ग्रंथपालांनी विनोद सांगून उपस्थितांना हसवून हसवून बेजार केले.’ तो गृहस्थ ग्रंथालयाचं दार लावून मुलांच्या विभागात विनोद पाठ करत बसला. रविवारी त्याने ते इतक्या गंभीरपणे सांगितले की लोक अक्षरशः गवतावर लोळले. त्यानंतर स्वारी अधूनमधून हसायलाही लागली. बाईंचं असं होतं. माणूस आहे त्याहून बोटभर बरा लिहायचा, आणि मग तो तेवढा वाढतो की नाही ते बघत बसायचं. आणि माणसं वाढायची हो! एकही बातमी आजवर खोटी पडली नव्हती, आणि या गोष्टीचा बाईंना जो अभिमान होता तो त्यांना स्वतःच्या पेन्शनचाही नव्हता.

तर अशा या बाई त्या गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन ताजा अंक वाचत बसल्या होत्या. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. घरात या दोघीच. बाईंचे यजमान जाऊन जमाना झाला. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी भांडल्याशिवाय दिवस मावळत नसे. मंडळाचा फोन घरातच होता आणि तो सासूबाईंच्या ताब्यात. कुणाला कुबड्या हव्यात, कुणाचा वॉकर परत यायचाय, सगळं त्या फोनवर घ्यायच्या आणि ऐनवेळचं काही असलं तर परस्पर छापखान्यात कळवूनही टाकायच्या. वय झालेलं, पण आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.

बाईंनी पहिलं पान वाचलं. रविवारी सात दुरुस्त खुर्च्या रुग्णालयाला देण्यात आल्या. छान. अध्यक्षांचे भाषण तीन वाक्यांचे व हृदयाला भिडणारे झाले. हे लिहिताना बाई स्वतःशीच खुदकन हसल्या होत्या, कारण अध्यक्ष म्हणजे ते दंतवैद्य, आणि जन्मभर तोंड उघडून पडलेल्या माणसांशीच बोलल्यामुळे आपल्याला कुणी अडवू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसरं पान. चाचणी शर्यतीत नळवाल्यांनी दुरुस्त केलेली खुर्ची पहिली आली. खुर्चीत मंडळाच्या ज्येष्ठतम सभासद बसल्या होत्या. म्हणजे सासूबाईच. प्रत्येक दुरुस्त खुर्चीत सभासदाला बसवून मैदानाला फेरी मारायची, अशी मंडळाची चाचणीची रीत होती, आणि त्यात नळवाले दर वेळी शेवटून पहिले यायचे. या वेळी बाईंना त्यांची दया आली होती. तिसरं पान, आगामी उपक्रम. रक्तदान, जुने चष्मे गोळा करणे. ठीक. चौथं पान. तळाला थोडी जागा उरली होती, प्रूफ पाहताना बाईंनीच ती कोरी सोडली होती. तिथे नेहमी एखादी वेलबुट्टी टाकली जायची.

वेलबुट्टी नव्हती. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं:

‘समारंभाच्या अखेरीस शाईवाल्यांनी बाईंना लग्नाची मागणी घातली व बाईंनी सर्वांसमक्ष होकार दिला. उपस्थितांना आनंदाचे भरते आले.’

चहा गेला तो नाकात. बाई खोकल्या, ठसकल्या, उठल्या, बसल्या. कप कलंडला तो थेट मटारात.

“अगं, अगं! काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या, आणि अंक उलटा घालून त्यावर बसल्या.

पण एका अंकावर बसून काय होणार? बाकीचे पहाटेच घरोघर पडले होते. शाईवाले स्वतः सायकलवरून टाकून आले होते. शाईवाले म्हणजे ‘वार्ता’ छापणारे छापखान्याचे मालक. अजून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापतात, कारण जुनं यंत्र बिघडत नाही आणि हे त्याला सोडत नाहीत. विधुर माणूस. उजव्या अंगठ्याची शाई कधी गेली नाही, म्हणून हे नाव. बोलणं तर इतकं कमी की गाव म्हणायचं, यांच्या तोंडातले खिळेसुद्धा मोजून ठेवलेले असतात. नुसतं “हं” म्हणाले की बरोबर आहे. “हंऽऽ” असं लांबलं की चूक सापडली. आणि प्रूफ संपलं की भुवया वर करून “हं?” म्हणजे, छापू का? त्यावर बाई म्हणायच्या, “हो. छापा.” इतकी वर्षं दर महिन्याला दोघांचा संसार म्हणा, संवाद म्हणा, एवढाच.

आणि या मुक्याने हे छापलं? बाईंच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. राग आला होता. भयंकर आला होता. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली कुठेतरी पोटात गुदगुल्या होत होत्या, आणि त्यामुळेच बाईंना जास्त राग येत होता. कारण छापखान्यात त्यांच्यासाठी एक खुर्ची होती. तिच्यावर शाईवाल्यांनी उशी ठेवली होती. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत, गिऱ्हाइकालासुद्धा नाही. आणि चार पानांचं प्रूफ वाचायला बाईंना हल्ली सबंध दुपार लागत होती. हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

त्यांनी चपला घातल्या आणि तरातरा निघाल्या.

रस्ताभर तेच! पाववाल्याने दुकानातून ओरडून विचारलं, “बाई, केक केवढा करू?” बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला चौथीतला वर्ग आठवला आणि तो भट्टीमागे गेला. दंतवैद्य दवाखान्याच्या खिडकीतून अर्धे बाहेर आले, हातात तो छोटा आरसा तसाच. “अभिनंदन, बाई! अहो, मी काय म्हणतो, या प्रसंगाच्या निमित्ताने दोन शब्द...” आतून कुणीतरी तोंड उघडं ठेवून कळवळत होतं. बाई थांबल्या नाहीत.

छापखान्यात यंत्र धडधडत होतं, पण यंत्रापाशी कुणी नव्हतं. कागदाच्या गठ्ठ्यांमागे मात्र दोन पाय दिसत होते.

“मला पाय दिसताहेत,” बाई म्हणाल्या.

पाय आत ओढले गेले.

“आता गुडघे दिसताहेत. बाहेर या!”

शाईवाले बाहेर आले. अंगात नवा कोरा शर्ट, घडीच्या रेघांसकट. केस कापलेले. चेहरा असा लाल की गाजर परवडलं. बाईंनी अंक त्यांच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे?”

शाईवाल्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, “हं.”

“हं? नुसतं हं? अहो, असं काही असेल तर आधी तोंडाने विचारतात माणसाला!”

शाईवाल्यांनी चष्मा काढला. मग त्यांच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात लांब भाषण केलं. “विचारायचं रविवारी. समारंभाच्या अखेरीस. तसंच छापलंय. आज विचारलं तर बातमी खोटी पडेल.”

नियम बाईंचाच होता. उलट्या पावली परत आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं रस्ताभर स्वतःला बजावत होत्या, आणि पाववाल्याच्या दुकानासमोर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण चक्क गुणगुणतोय. त्या तिथल्या तिथे गप्प झाल्या.

पण रात्रीचं जेवण वाढेपर्यंत सगळी गंमत ओसरली होती. सासूबाई समोर बसून घास बारीक चावत होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांच्या खुर्चीखाली बाईंनी पाट ठेवला होता. औषधाची डबी उजव्या हाताला. पाण्याचा पेला डाव्या. हे सगळं रोज कोण करणार? यजमान गेले त्या वर्षी सगळे म्हणाले होते, सून आता माहेरी जाईल. सून गेली नव्हती. दोघीही रडत होत्या, एकीला दुसरीच्या रडण्याचं वाईट वाटायचं म्हणून दोघीही थांबल्या, आणि मग राहिल्याच. आता या वयात त्यांना एकटं टाकून आपण नवी नवरी होऊन मिरवायचं? छे!

“वाचलं मी,” सासूबाई एकदम म्हणाल्या. “तू त्यावर बसली होतीस तरी शेजारणीने तिचा अंक दिला. मग? काय सांगणार रविवारी?”

“नाही सांगणार.”

“काहीच नाही सांगणार, की नाही म्हणून सांगणार?”

“नाही म्हणून.”

“म्हणजे बातमी खोटी पडणार.”

“पडू दे.”

“तुझी बातमी,” सासूबाई म्हणाल्या. “पडू दे म्हणतेस. बरी आहेस ना? माणूस वाईट आहे का?”

“नाही हो, आई.”

“शाई जात नाही म्हणून?”

“शाईचं काय घेऊन बसलात!” बाईंचा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. “तुम्हाला इथे ठेवून मी कुठे जाऊ?”

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. “ठेवून? मी काय खुर्ची आहे का, ठेवून जायला?” म्हणाल्या, आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या भांडल्या नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बाईंनी भांडी घासता घासता ठरवून टाकलं. नाही म्हणायचं, पुढच्या अंकात चूकभूल छापायची, विषय संपला. शाईवाले ती चूकभूल आपल्या हाताने जुळवत बसलेत असं चित्र डोळ्यांसमोर आलं तेव्हा मात्र त्यांनी एक बशी फोडली.

शनिवारी गॅरेजमध्ये शेवटचं तेलपाणी चालू होतं. नळवाले आपल्या खुर्चीच्या ब्रेकशी झोंबत होते. तो एकदा लागला की सुटायचा नाही आणि सुटला की लागायचा नाही. कोपऱ्यात अध्यक्ष भिंतीकडे तोंड करून सराव करत होते, आणि दर तिसऱ्या वाक्यानंतर स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरत होते. त्यांनी बाईंना पाहिलं आणि हात काढला.

“बाई, खरं सांगू? तीन वाक्यं! मला झोप नाही. बायको म्हणते घरात इतकी शांतता कधीच नव्हती, तिला भीती वाटते. पण मी करणार! तुम्ही लिहिलंय म्हणजे माझ्यात ते कुठेतरी असणार, हो की नाही? मग तुमच्याबद्दल लिहिलंय ते तुमच्यात नसेल का?”

बाईंनी तेलाची बाटली उचलली आणि जे चाक अजिबात कुरकुरत नव्हतं त्याला तेल घालत बसल्या.

रविवार उजाडला. ‘मैदान माणसांनी फुलून गेले होते’ असं बाईंनी लिहिलं होतं ते नेहमीच्या सवयीने. खरं तर पाऊणशे माणसं म्हणजे डोक्यावरून पाणी. पण आज जो तो आला होता. बातमीच तशी होती. पाववाला केक घेऊन आला होता आणि तो डब्यात असल्याचं प्रत्येकाला सांगत होता.

अध्यक्ष उभे राहिले. पहिलं वाक्य ‘ज्याअर्थी’ने सुरू झालं ते संपेचना. त्यात मंडळाचा इतिहास आला, दातांची निगा आली, दोन ‘तथापि’ आले, श्वास घ्यायला जागाच नव्हती, चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, तरी पूर्णविराम येईना. शेवटी आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या लोकांनीही श्वास सोडला. दुसरं वाक्य होतं, “खुर्च्या सात आहेत.” आणि तिसऱ्या वाक्याला ते थांबले, समोर पाहिलं आणि म्हणाले, “मागच्या वर्षी माझ्या वडिलांना यातलीच एक खुर्ची लागली होती.” आणि बसले. हृदयाला भिडलं की हो खरंच! ग्रंथपाल रुमालात नाक शिंकरत होते.

मग शर्यत. सात खुर्च्या ओळीने. सासूबाई नळवाल्यांच्या खुर्चीत, मांडीवर पर्स, डोक्याला स्कार्फ, विमानात बसल्यासारख्या. शिट्टी झाली आणि काय सांगावं तुम्हाला, अशी शर्यत कुणी पाहिली नसेल! नळवाले पहिले येणार हे छापलेलं. त्यामुळे बाकी सहा जणांना हरणं भाग. आणि नळवाल्यांची खुर्ची डावीकडे ओढत होती. ती निघाली सरळ आणि गेली फुलझाडांत. बाकीच्यांनी करावं काय? एकाने बुटाची नाडी सोडून परत बांधली. एक जण खुर्ची ढकलण्याऐवजी मागे ओढायला लागला. ग्रंथपालांनी आपल्या खुर्चीत बसलेल्या आजींना विनोद सांगायला घेतला आणि मुद्दाम शेवट विसरले. बघे हसून हसून दुमडले होते. “हळू! हळू!” असा जयघोष चालला होता. नळवाल्यांनी फुलझाडांतून खुर्ची काढली, घामाघूम होऊन सगळ्यांच्या पुढे आणली, आता शेवटच्या रेषेला उरलं होतं दहा पावलांचं अंतर...

आणि खटकन ब्रेक लागला.

“सुटत नाहीये?” अध्यक्ष ओरडले.

“सुटेल कसा?” नळवाले रडकुंडीला आले होते. “त्यांनी धरून ठेवलाय!”

सासूबाईंनी दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा धरला होता. बाकीच्या सहा खुर्च्या रेषेच्या अलीकडे ताटकळत उभ्या. कुणी पुढे जाईना, कुणी मागे सरेना. सगळं मैदान थांबलं.

“आई!” बाई धावत मध्ये गेल्या. “हे काय? सोडा तो ब्रेक. लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत. तू बातमी खोटी पाडणार आहेस ना? मग मीही पाडते. एकटी तूच का म्हणून?”

“आई, लहान मुलासारखं करू नका!”

“ऐक.” सासूबाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त अर्ध्या मैदानाला ऐकू येत होता. “ती बातमी त्याने नाही घातली. मी घातली.”

बाईंचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. दंतवैद्यांनी सवयीने मान वाकवून आत पाहिलं.

“मी फोन केला छापखान्यात. म्हटलं, बाईंनी सांगितलंय, तळाला जागा उरलीय तिथे हे टाका. दोनदा वाचून दाखवलं. तिकडून कितीतरी वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, पडला की काय. मग म्हणाला, हं.”

बाईंनी वळून पाहिलं. शाईवाले रेषेपाशी उभे होते, नव्या शर्टात, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. म्हणजे या माणसाला वाटत होतं की हे बाईंनीच कळवलंय! म्हणून तो शर्ट. म्हणून ते केस. गुरुवारी बाई रागावल्या, त्या आपण तोंडाने विचारलं नाही म्हणून, असंच त्याला वाटलं होतं. बाईंनी आपल्याला त्यांच्या पद्धतीने विचारलंय, असं समजून हा बापडा तीन दिवस हवेत चालत होता.

“का केलंत हो असं?” बाईंनी विचारलं.

“तू सगळ्या गावाचं चांगलं आधी लिहून ठेवतेस,” सासूबाई म्हणाल्या. “त्या एरंडेल्याला हसवलंस. या डॉक्टरला गप्प केलंस. तुझं कोण लिहिणार? माझा मुलगा गेला तेव्हा तू मला सोडून गेली नाहीस. मी म्हटलं नव्हतं राहा म्हणून, मला तेव्हा तेवढं सुचलंही नाही. मग आता तरी मला काहीतरी म्हणू दे की.”

बाई खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि सगळ्या मैदानासमोर रडल्या. हसतही होत्या. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, काही विचारू नका. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढायला एक हात सोडला, पण दुसऱ्याने ब्रेक घट्ट धरला होता.

“अहो शाईवाले!” त्या गरजल्या. “समारंभाची अखेर झाली! या इकडे!”

शाईवाले आले. अंगठा खिशात लपवलेला. बाई उठून उभ्या राहिल्या. पाववाल्याने डब्याचं झाकण अर्धं उघडलं होतं ते तसंच धरून ठेवलं. शाईवाल्यांनी तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं. घाम कपाळावरून भुवईत उतरला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवली, स्वतःचं एक जुळेना. बाई वाट पाहत राहिल्या. आपण किती वेळ अशी वाट पाहू शकतो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शेवटी शाईवाल्यांनी भुवया वर केल्या.

“हं?” ते म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या. “छापलंय ते बरोबर आहे.”

पुढचा गलबला सांगण्यात अर्थ नाही. अध्यक्षांनी चौथं वाक्य सुरू केलं आणि ग्रंथपालांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. केकचं झाकण कुठे उडालं ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

त्या सगळ्यात खट् असा बारीक आवाज झाला. सासूबाईंनी ब्रेक सोडला होता. नळवाले धावत दांड्या धरायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“तुम्ही खुर्ची दुरुस्त केलीत ना? झालं तुमचं काम. ढकलायला माझी माणसं आहेत.”

बाईंनी डावी मूठ धरली, शाईवाल्यांनी उजवी. खुर्ची डावीकडे ओढायला लागली तशी शाईवाल्यांनी ती हळूच सरळ केली, आणि पांढऱ्या मुठीवर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. तिघं रेषेकडे निघाली. मागे सहा खुर्च्या आदबीने थांबल्या होत्या आणि पुढे सासूबाई ओरडत होत्या, “अगं, जरा जोरात! पहिलं यायचंय मला!”